मोत्याचा थ्रेशोल्ड

स्टाफ क्वार्टर्सकडून ग्राउंडवर जाणारा रस्ता आपल्या सी ब्लॉकच्या गॅलरीखालून जातो हे तुम्हाला माहीतच आहे. संध्याकाळी साडेसहाला वर्कशॉपचे सर मोत्याला घेऊन तिथून निघायचे. समोरून दुसरं कुत्रं, सायकल किंवा पाठीवर सॅक लावलेला फर्स्ट इयरचा पोरगा आला की मोत्या दोरीला हिसके देत मागच्या दोन पायांवर उभा राहायचा आणि असा भुंकायचा की लायब्ररीतले लोक खिडकीत यायचे. मग गॅलरीतून आपली पोरं त्याच्यावर उलट भुंकायची. कबूल करतो, त्यात मीही असायचो. व्हायवाच्या आदल्या दिवशी इतकी स्वस्त करमणूक दुसरी नव्हती.

मागच्या सेमिस्टरला एकदा दोरी सरांच्या हातातून निसटली. मोत्या एका मुलाच्या अंगावर धावून गेला. चावला नाही, पण मुलगा सायकलवरून पडला आणि त्याचा गुडघा चांगलाच फुटला. क्वार्टर्सच्या मीटिंगमध्ये विषय निघाला आणि ठरलं की सेमिस्टर संपेपर्यंत फरक पडला नाही तर मोत्याला सरांच्या गावी शेतावर पाठवायचं. चार वर्षांचा, काकूंच्या मागे मागे स्वयंपाकघरात फिरणारा कुत्रा, आणि तिथे दिवसभर साखळीला. प्रॅक्टिकल संपल्यावर सर सहज म्हणाले, "तुमच्यातला कोणी संध्याकाळी मदतीला येईल का रे?" मी हो म्हटलं. गॅलरीतलं भुंकणं आठवून जरा अपराधी वाटत होतं, दुसरं काही नाही. पुढे जनावरांचे डॉक्टर, दोन-तीन पुस्तकं आणि मुख्य म्हणजे स्वतः मोत्या यांच्याकडून जे शिकलो ते इथे मांडतोय.

पहिला गैरसमज असा की असा कुत्रा माजलेला असतो. दोन मोकळी कुत्री भेटतात तेव्हा कधी बघा. ती नाकासमोर सरळ चालत येत नाहीत. थोडं वळण घेऊन बाजूने येतात, वास घेतात, नको वाटलं तर निघून जातात. दोरीला असलेल्या कुत्र्याला यातलं काहीच करता येत नाही. रस्ता अरुंद, गाठ समोरासमोर आणि पळायची वाट बंद. मग उरतो एकच उपाय, आवाज. आणि तो उपाय चालतो! मोत्या भुंकतो, पोरगा निघून जातो. पोरगा तसाही कँटीनलाच चालला होता, पण मोत्याच्या हिशेबात तो भुंकण्यामुळे गेला. रोज एक्सपेरिमेंट, रोज रीडिंग बरोबर. चार वर्षांत सवय पक्की होणारच. काही कुत्र्यांना भीती नसते, उलट भेटायची घाई असते आणि दोरी अडवते म्हणून ती चिडतात. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, आणि इलाजही बराचसा एकच आहे.

त्यात आपण भर घालतो. लांबून कुत्रं दिसलं की सर मोत्याच्या आधी दचकायचे आणि दोरी आखडून धरायचे. पट्टा गळ्यात रुतायचा, छाती वर उचलली जायची, म्हणजे समोरच्या कुत्र्याला वाटणार की हा लढायलाच निघालाय. वरून सरांचा ओरडा. मोत्याला एवढंच कळायचं की दुसरं कुत्रं दिसलं की गळा आवळतो आणि मालक बिघडतो. कंट्रोल सिस्टिम्स शिकलेल्यांना सांगायला नको, हा पॉझिटिव्ह फीडबॅक आहे आणि सिस्टिम अनस्टेबल होणार. काटेरी पट्टे, शॉकचे पट्टे यांचं तेच होतं. भुंकणं दाबलं जातं, भीती आतच राहते, आणि आधी इशारा देणारा कुत्रा उद्या इशारा न देता चावू शकतो. अमेरिकेतल्या प्राणी-वर्तन पाहणाऱ्या पशुवैद्यकांच्या संघटनेने २०२१ मध्ये स्पष्ट भूमिका घेतली की कुत्र्याला शिकवताना फक्त बक्षिसावर आधारलेल्या पद्धती वापराव्यात, आक्रमक कुत्र्यांच्या बाबतीतसुद्धा.

इलाजाचं मूळ मात्र बरंच जुनं आहे. पावलॉव्हला १९०४ चं नोबेल मिळालं ते पचनावरच्या कामासाठी. पण ते काम करताना त्याच्या लक्षात आलं होतं की कुत्र्याच्या तोंडाला अन्न येण्याआधीच, अन्नाची चाहूल लागल्यावर, लाळ सुटते. पुढे १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन बाईंनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुलगा आवडीचं खात बसलेला असताना पिंजऱ्यातला ससा लांब ठेवायचा, आणि तो घाबरणार नाही इतक्या बेताने रोज थोडा जवळ आणायचा. शेवटी पीटर सशाला हात लावू लागला. मोत्याचं औषध हेच. सशाच्या जागी सायकल.

यात सगळा खेळ अंतराचा आहे. ठरावीक अंतराच्या पलीकडे कुत्रं दिसलं तर मोत्या बघतो, पण डोकं ठिकाणावर असतं. त्याच्या आत आलं की अंग ताठ, तोंड बंद, कान पुढे, नजर खिळलेली, आणि पुढच्या क्षणाला स्फोट. हाच त्याचा थ्रेशोल्ड. आम्ही सिव्हिलच्या मित्राचा टेप आणायचा विचार केला होता, पण पावलांवर भागवलं. पहिल्या आठवड्यात आकडा आला चाळीस पावलं. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांसाठी गंमत म्हणजे मोत्या साधा कम्पॅरेटर नाही, श्मिट ट्रिगर आहे. चाळीसवर सुरू झालेलं भुंकणं पंचेचाळीसवर नेल्याने थांबत नाही, त्याला साठ-सत्तर पावलं मागे न्यावं लागतं. म्हणून सुरू झाल्यावर समजावण्यात अर्थ नाही. ओरडायचं नाही, खाऊही दाखवत बसायचं नाही, सरळ वळून लांब जायचं. हे वळणं आधी रिकाम्या ग्राउंडवर खेळासारखं शिकवून ठेवावं. आम्ही "चल मागे" म्हणतो आणि तो आता शब्दावर वळतो.

प्रत्यक्ष काम कंटाळवाणं आहे. पन्नास पावलांवरून सायकल जाते. मोत्याने ती पाहिली की लगेच खाऊ, आणि सायकल दिसतेय तोवर एकामागून एक छोटे तुकडे. सायकल गेली की खाऊ बंद. बस, एवढंच. दहा-पंधरा मिनिटांत घरी. काही दिवसांनी एक मजेदार गोष्ट होते. सायकल दिसली की तो तिच्याकडे बघतो आणि आपणहून मान वळवून तुमच्याकडे बघतो, 'आली बघ, काढ तुकडा' अशा थाटात. हे वारंवार दिसायला लागलं की चार-पाच पावलं जवळ जायचं. सायकलचा वेग वाढवायचा असेल तर त्या दिवशी अंतर कमी करायचं नाही. एका वेळी एकच व्हेरिएबल.

इथे मी एक चूक केली, ती तुम्ही करू नका. सायकल यायच्या आधीच मी खिशातली चिकनची पिशवी चुरचुरवत बाहेर काढायचो. आठवड्याभरात पिशवी वाजली की मोत्या ताठ होऊन चहूकडे शत्रू शोधायला लागला! म्हणजे पिशवी हीच धोक्याची घंटा झाली. क्रम महत्त्वाचा आहे. आधी सायकल, मग खाऊ. उलटं केलं की उलटंच शिकतो.

खाऊही तसाच दणदणीत पाहिजे. मेसची पोळी त्याने हुंगून सोडून दिली (यात नवल काहीच नाही). उकडलेलं चिकन किंवा अंडं चालतं, मीठ-मसाल्याशिवाय. भाजीचा रस्सा लागलेलं काही नको, कांदा-लसूण कुत्र्यांना बाधतो. मनुका आणि चॉकलेट तर अजिबातच नको. आवडता खाऊसुद्धा घेत नसेल किंवा बोटासकट ओढत असेल तर समजावं की आपण फार जवळ आलोय.

चांगला चाललेला कुत्रा एखाद्या दिवशी अचानक बिघडतो, त्याचंही कारण असतं. सकाळी फटाके, दुपारी घरात पाहुणे, संध्याकाळी रस्त्यात मांजर. कपॅसिटर चार्ज होत जातो आणि लगेच डिस्चार्ज होत नाही. शेवटची सायकल फक्त निमित्त होते. अशा दिवशी प्रॅक्टिस रद्द. गणपती आणि दिवाळीत आम्ही पहाटे पाचला नुसतं फिरवून आणायचो. क्वार्टर्सच्या खिडकीतून दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्यांवर भुंकणंही याच चार्जिंगमध्ये मोडतं, म्हणून काकूंनी खालच्या काचांना वर्तमानपत्र चिकटवलं. त्याने पडलेला फरक आमच्या पहिल्या दोन आठवड्यांच्या मेहनतीपेक्षा जास्त होता, हे सांगायला जरा जड जातंय.

सगळ्याच्या आधी डॉक्टरांना दाखवणं आवश्यक. कान, दात किंवा सांधे दुखत असतील तर कुत्रा चिडका होतोच. गळपट्ट्याऐवजी छातीला पुढे कडी असलेला हार्नेस आणि साधारण दोन मीटरची साधी दोरी आम्हाला बरी पडली. लांब-आखूड होणारी बटणाची दोरी नको. ज्याचा भरवसा नाही त्याला तोंडाला जाळीची टोपली घालायची सवयही हळूहळू, खाऊ देतच लावावी. रेबीजची लस वेळच्या वेळी हवी. आणि कोणत्याही कुत्र्याचा दात किंवा ओरखडा लागलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हळद-चुना लावून रूमवर बसायचं नाही.

दहा आठवड्यांनंतर मोत्या सायकलला बारा पावलांवर शांत असतो आणि सॅकवाल्या पोरांना आठ. दुसऱ्या कुत्र्यांचं गाडं वीसवर अडलंय, आणि गेटबाहेरच्या टपरीवरचं काळं कुत्रं दिसलं की अजून पस्तीस. तो कुत्र्यांचा दोस्त होईल असं मला वाटत नाही, सरांनाही वाटत नाही. शांतपणे बाजूने जाता आलं तरी पुरे. मीटिंग या महिन्याच्या शेवटी आहे.

तेव्हा सी ब्लॉकच्या मंडळींना विनंती, साडेसहा ते सव्वासात गॅलरीतून भुंकू नका, शिट्ट्या मारू नका, "यू यू" करू नका. कोणी कौतुकाने जवळ येऊन डोक्यावर हात ठेवायलाही जाऊ नका. आणि आम्हाला सायकलवाले हवेत. काम सोपं आहे. पाण्याच्या टाकीकडून निघायचं, सांगितलेल्या अंतरावरून सरळ जायचं, मोत्याकडे बघायचं नाही, थांबायचं नाही. लेक्चरला मागच्या दाराने कोणाच्या नजरेत न येता शिरणाऱ्यांना प्राधान्य.