दाण्यापासून पिशवीपर्यंत

सकाळी दारात येणारी दुधाची पिशवी आणि दुपारच्या चहाबरोबर उघडला जाणारा वेफर्सचा पुडा, या दोहोंना आपण सरसकट ‘प्लॅस्टिक’ म्हणतो. रिकाम्या झाल्यावर दोन्ही वस्तू एकाच डब्यात जातात. वस्तुतः त्यांची घडण निराळी आहे, आणि घरातून बाहेर पडल्यावर त्यांच्या वाट्याला येणारी गतीही निराळी आहे. ही घडण गृहिणींना व गृहस्थांना ठाऊक असणे उपयुक्त ठरेल.

दुधाच्या पिशवीचे मूळ द्रव्य पॉलिइथिलीन. इंग्लंडमधील नॉर्थविच गावाजवळ, आय.सी.आय. कंपनीच्या प्रयोगशाळेत, मार्च १९३३ मध्ये गिब्सन आणि फॉसेट या रसायनज्ञांना प्रचंड दाबाखालील एका प्रयोगात मेणासारखा पांढरा पदार्थ अनपेक्षितपणे मिळाला. इथिलीन वायूचे रेणू माळेतील मण्यांप्रमाणे एकमेकांत गुंफले गेले होते. आपणा बडोदेकरांना हा विषय परका नाही. कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना १९६५ मध्ये सुरू झाला. १९६९ मध्ये येथे इंडियन पेट्रोकेमिकल्स कॉर्पोरेशनची स्थापना झाली आणि १९७८ मध्ये खनिज तेलातील नाफ्थ्यापासून इथिलीन काढणारा तिचा प्रकल्प चालू झाला. २००७ मध्ये ही संस्था रिलायन्समध्ये विलीन झाली.

पिशवीच्या कारखान्यात हे द्रव्य गोण्यांतून येते. साबुदाण्याएवढ्या या पांढुरक्या गोळ्यांना कारागीर ‘दाणा’च म्हणतात. दाणा नरसाळ्यातून एका लांब, तापलेल्या नळकांड्यात उतरतो. आत आटे पाडलेला जाड पोलादी दांडा सतत फिरत असतो. तो दाण्याला पुढे ढकलतो, दाबतो आणि घुसळतो. बाहेरची उष्णता आणि आतले घर्षण यांमुळे १६० ते २०० अंश सेल्सिअसच्या सुमारास दाण्याचा मधाहूनही घट्ट रस होतो. बारीक जाळीतून गाळून हा रस ‘डाय’ नावाच्या साच्याच्या वर्तुळाकार फटीतून वर निघतो. शेवेच्या सोऱ्याची येथे आठवण यावी. फरक इतकाच की येथून शेवेऐवजी एक अखंड, पोकळ नळी बाहेर पडते.

या नळीत हवा भरली जाते. तिचा व्यास दुपटी-तिपटीने वाढून पारदर्शक फुगा तयार होतो आणि बाहेरून सभोवार सोडलेल्या थंड वाऱ्याने तो निवतो. एका ठराविक उंचीवर स्वच्छ फुगा किंचित धूसर दिसू लागतो; त्या रेषेवर रस गोठलेला असतो. काही मीटर वर दोन रूळ त्या फुग्याला चिमटीत धरून चपटा करतात व ओढून घेतात. आतली हवा आडवा ताण देते, रूळ उभा ताण देतात. म्हणून हा कागद दोन्ही दिशांनी बळकट होतो. फुग्याचा व्यास ४० सेंटिमीटर असेल, तर परीघ सुमारे १२६ सेंटिमीटर भरतो आणि चपटा केल्यावर ६३ सेंटिमीटर रुंदीची दुहेरी पट्टी मिळते. जाडी साधारण ५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग. वारा एका बाजूने कमी लागला, तरी जाडी असमान होते आणि नेमकी पातळ जागा पुढे फुटते.

पॉलिइथिलीनच्या पृष्ठभागावर शाई टिकत नाही. म्हणून छपाईपूर्वी त्यावर विजेच्या सूक्ष्म ठिणग्यांचा प्रयोग करतात. नंतर कोरलेल्या रुळांनी, प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र रूळ योजून, छपाई होते. डेअरीतील यंत्र ही पट्टी नळीसारखी वळवते, उभी शिवण उष्णतेने चिकटवते, तळ बंद करते, दूध सोडते आणि वरचे तोंड मिटवते. तीच शिवण खालच्या पिशवीचे तोंड आणि वरच्या पिशवीचा तळ ठरते. मधोमध पाते चालते आणि पिशवी सुटी होते.

वेफर्सच्या पुड्याची गोष्ट वेगळी. पॉलिइथिलीन ओलावा चांगला अडवते, पण प्राणवायूला वाट देते, आणि प्राणवायूने तळणीचा पदार्थ खवट होतो. म्हणून बाहेर पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रोपिलीनचा पापुद्रा, त्यावर निर्वात पेटीत ॲल्युमिनियमच्या वाफेचा मायक्रॉनच्या काही शतांश जाडीचा मुलामा, आणि आत शिवण चिकटावी म्हणून आणखी एक थर, अशी भिन्न द्रव्ये एकत्र जोडतात. शाई बहुधा दोन थरांच्या मध्ये असल्याने बोटांना लागत नाही. आत नायट्रोजन भरतात. या योजनेमुळे खाद्यपदार्थ महिनोन् महिने टिकतात, हा तिचा उपकार मान्य केला पाहिजे.

अडचण पुढे येते. दुधाच्या पिशवीला दोन-तीन थर असले, तरी सारे एकाच कुळातले. ते वितळवून पुन्हा दाणा होतो आणि त्यातून दुसऱ्या वस्तू घडतात. पुड्यातील पॉलिइथिलीन सुमारे ११० अंशांवर वितळते, तर पॉलिएस्टरला २५० अंशांहून अधिक उष्णता लागते. एकजीव केलेले हे थर विलग करणे खर्चाचे व कष्टाचे असल्याने भंगारवाला पुड्याला हात लावत नाही. पुष्कळसा माल सिमेंटच्या भट्टीत जातो किंवा उकिरड्यावर पडून राहतो. २०१६ चे नियम आणि २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वे यांनी अशा वेष्टनांची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. एकाच कुळातील थरांचे पुडे बनवण्याचे प्रयत्नही चालू आहेत.

तोपर्यंत निवड आपल्याच स्वयंपाकघरात व्हावयास हवी. दुधाची पिशवी विसळून, वाळवून वेगळी ठेवावी. चकचकीत पुडे तिच्यात मिसळू नयेत. पिशवी कापताना कोपरा पुरता तोडू नये, एका कडेने जोडलेला राहू द्यावा. तो चिमुकला त्रिकोण सुटला, की कचरा वेचणाऱ्या हातांना तो सापडत नाही आणि गटारातून थेट नदीत जातो. पिशवीला लागून राहिला, तर तिच्याबरोबर त्याचाही पुन्हा दाणा होतो.