सहा कामट्यांची काठी

ॲल्युमिनियमची लांब नळी, तिच्यात कापडी पिशवी आणि पिशवीत मधाच्या रंगाचे तीन-चार निमुळते तुकडे: फ्लाय फिशिंगची, म्हणजे मासे पकडायची, बांबूची काठी. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये आजोबांच्या माघारी माळा आवरताना असं काही हाती लागलं, की घरच्यांचा पहिला प्रश्न किमतीचा असतो. उत्तर पन्नास डॉलर असू शकतं आणि पाच हजार डॉलरही. लांबून दोन्ही काठ्या सारख्याच दिसतात. फरक कळतो तो काठी हातात घेऊन, उजेडाकडे धरून, मोजपट्टी लावून. त्यासाठी ती कशी बनते हे आधी ठाऊक हवं.

फ्लाय फिशिंगच्या गळाला आमिष नसतं. पिसं, लोकर आणि रेशमी दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा असतो, आणि त्याला वजन जवळजवळ नसतंच. म्हणून फेकली जाते ती जड दोरी. किडा तिच्यामागून ओढला जातो. काठी मागे-पुढे वाकते आणि वाकण्यात साठलेली ताकद दोरीला देते. ती कुठे किती वाकेल, यावर सगळा खेळ आहे.

अख्खा बांबू हे काम करू शकत नाही. बांबूची ताकद सालीलगतच्या दाट तंतूंमध्ये असते. आतला गाभा भुसभुशीत. म्हणून कारागीर बांबू उभा चिरून कामट्या काढतो, गाठी उष्णतेने मऊ करून सरळ करतो आणि प्रत्येक कामटी पोलादी साच्यात ठेवून रंधतो. साल कधीच रंधायची नाही, फक्त आतल्या दोन बाजू. साठ अंशांच्या त्रिकोणी सहा कामट्या सरसाने चिकटवल्या की भरीव षटकोनी दांडी तयार होते आणि बाहेरच्या सहाही बाजूंना साल येते. मुठीपासून टोकापर्यंत ती निमुळती होत जाते, आणि हा निमुळतेपणा इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. गाठी एकाच जागी येऊ नयेत म्हणून कामट्या मागे-पुढे सरकवून जुळवतात. काठी फिरवत गाठींची ही मांडणी पाहिली की कारागिराने किती मन लावलं होतं ते समजतं. माझ्या मते सहीच्याही आधी पाहावं ते हे.

पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावचा बंदूक-कारागीर सॅम्युअल फिलिप याने 1840च्या दशकात चिरलेल्या बांबूच्या काठ्या केल्या. या कामाला कारखान्याचं रूप दिलं ते मेन राज्यातल्या बँगोरच्या हायरम लेनर्डने. तोही बंदुका जाणणारा आणि शिकारी. 1870च्या दशकात त्याने कामट्या तिरप्या कापणारं यंत्र तयार केलं, आणि ते बंद खोलीत ठेवलं जाई असं सांगतात. 1881 साली कारखाना न्यूयॉर्क राज्यात सेंट्रल व्हॅली इथे आला. पण लेनर्डचं खरं देणं म्हणजे त्याच्या हाताखालची माणसं. एड पेन, फ्रेड थॉमस आणि युस्टिस एडवर्ड्स तिथेच तयार झाले आणि पुढे बाहेर पडून आपापल्या नावाने नामवंत ठरले. एडचा मुलगा जिम पेन 1968मध्ये गेला. त्याच्या कामातली सफाई आजही कारागीर मापदंड मानतात.

लेनर्डच्या सुरुवातीच्या काठ्यांचा बांबू आपल्याकडचा होता. कलकत्ता बंदरातून जाई म्हणून त्याला तिकडे ‘कलकत्ता केन’ म्हणत. जाणकार तो डेन्ड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस जातीचा मानतात, म्हणजे मेळघाटात आणि गडचिरोलीत आपण ज्याला मानवेल म्हणतो तोच. जवळजवळ भरीव आणि चिवट. घोडदळाच्या भाल्यांचे दांडे याचेच होत. त्याच्या सालीवर बहुधा भाजल्याचे काळपट डाग असत. असे डाग असलेली काठी मिळाली तर ती पहिल्या महायुद्धाच्या आधीची असण्याची शक्यता बरीच. पुढे चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातल्या ‘टोंकिन’ बांबूने त्याची जागा घेतली. याच्या गाठी लांब अंतरावर, तंतू सरळ आणि दाट. फ्लॉइड मॅक्‌क्ल्युअर या वनस्पतीशास्त्रज्ञाने 1931मध्ये त्याला ‘अमाबिलिस’, म्हणजे लोभस, असं शास्त्रीय नाव दिलं. 1950च्या अखेरीस अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला, टोंकिन मिळेनासा झाला. त्याच सुमारास फायबरग्लासच्या स्वस्त काठ्या आल्या आणि बांबूची सद्दी संपली.

आता ओळखीकडे. नाव असेल तर ते मुठीच्या वर दांडीवर शाईने लिहिलेलं असतं, नाही तर बुडाच्या धातूच्या टोपणावर ठोकलेलं. इंग्लंडमधल्या ॲल्निकच्या हार्डी ब्रदर्सने ‘पालाकोना’ हे आपलं व्यापारचिन्ह दांडीवर लिहिलं. व्हरमाँटच्या ऑर्विसने दुसऱ्या महायुद्धानंतर बांबूत बेकेलाइटची राळ मुरवायला सुरुवात केली. ती काठी तपकिरी असते आणि तिला वरून रोगण लागत नाही. यॉंकर्सचा इंजिनीअर एव्हरेट गॅरिसन पांढरं रेशीम वापरायचा, ते रोगणाखाली पारदर्शक होऊन दिसेनासं होतं. डेट्रॉइटच्या पॉल यंगच्या काठ्या ज्वाळेवर भाजून गडद केलेल्या. नाव पुसलेलं असलं तरी अशा खुणा बोलतात.

धातूच्या जोडनळ्याही तितक्याच बोलक्या. चांगल्या काठीच्या जर्मन सिल्व्हरच्या, स्वस्त काठीच्या पितळेवर निकेल चढवलेल्या. निकेल उडालं की खालचा पिवळा रंग दिसतो आणि शंका राहत नाही. दांडीवर दर इंच-दोन इंचांवर रेशमी दोऱ्याचे वेढे असतील तर काठी बहुधा जुनी. सरसावर भरवसा नसल्याने कामट्या धरून ठेवायला हे वेढे घालत. पण जुन्या धाटणीच्या स्वस्त काठ्यांवरही शोभेसाठी ते दिसतात, म्हणून एकाच खुणेवर निकाल देऊ नये.

खरी मोठी संख्या नाव नसलेल्या किंवा दुकानाचंच नाव असलेल्या काठ्यांची. माँटेग्यू, हॉरॉक्स-इबटसन, साउथ बेंड या कंपन्यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अशा काठ्या ढिगांनी केल्या आणि त्या हार्डवेअरच्या दुकानांतून विकल्या गेल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानहून देखण्या लाकडी पेटीतल्या काठ्याही सैनिकांनी घरी नेल्या. पेटी पाहून लोक हरखतात, पण मासे पकडायला त्या काठ्या फारशा कामाच्या नाहीत आणि बाजारात त्यांना भावही नाही.

किंमत ठरते ती कारागीर, लांबी आणि स्थिती या तिन्हींवर. नऊ फुटांच्या तीन तुकड्यांच्या काठ्या भरपूर उरल्या आहेत, म्हणून त्या स्वस्त. आठ फुटांच्या आतल्या, हलक्या काठ्यांना मागणी जास्त. पेनची सात-साडेसात फुटांची काठी हजारो डॉलरला जाते. साधी कारखान्याची काठी बहुतेकदा शे-दोनशे डॉलरच्या आत राहते आणि तिच्या दुरुस्तीचा खर्च तिच्या किमतीच्या वर जातो. ग्रेंजर, हेडन यांच्या बऱ्या काठ्या या दोहोंच्या मधे. गॅरिसनने आयुष्यात काही शे काठ्या केल्या, त्यामुळे त्याचं नाव निघालं की संग्राहक सावध होतात.

स्थिती पाहताना प्रत्येक तुकडा वेगळा मोजावा. एकाच काठीचे तुकडे जवळजवळ समान लांबीचे असायला हवेत. टोकाचा तुकडा दोन-तीन इंच आखूड भरला, तर तो कधीतरी दारात चेमटून तुटलेला असतो आणि किंमत निम्म्यावर येऊ शकते. मूळ काठीसोबत टोकं बहुधा दोन येत. दुसरं शाबूत आहे का ते पाहावं. दांडी डोळ्याजवळ धरून लांबीने न्याहाळली की कायमचा बाक दिसतो. नखाने कडा चाचपल्या की कामट्या सुटू लागलेली जागा कळते. जोडनळ्या ओढल्यावर ‘टप्’ असा आवाज आला तर जोड अजून घट्ट आहे. मूळ पिशवी आणि नाव असलेली नळी सोबत असेल तर किंमत वाढते. नवं चकाकतं रोगण मात्र किंमत वाढवत नाही, उलट कमी करतं. त्याखाली सही गेलेली असते आणि जुनं रेशीमही.

गॅरिसन 1975मध्ये वारला. त्याची पद्धत होगी कारमायकल यांनी त्याच्यासोबत लिहून ठेवली होती. ते पुस्तक 1977मध्ये निघालं आणि ते वाचून घराघरांतल्या गॅरेजमध्ये नवे कारागीर उभे राहिले. ही कला टिकली याचं मोठं श्रेय मी त्या पुस्तकाला देतो. गणिताने आखलेला निमुळतेपणा कागदावर आला नसता, तर तो त्या माणसाबरोबरच गेला असता.

आपल्याकडेही अशा काठ्या निघू शकतात. काश्मीरच्या ओढ्यांत 1900मध्ये ट्राउट सोडला गेला, आणि महसीरवर गळ टाकणारे साहेबही पुष्कळ होते. लष्करात, वनखात्यात किंवा चहामळ्यांत पिढी काढलेल्या घरांत एखादी हार्डीची काठी अजून पडून असेल. ती सापडली तर कोपऱ्यात उभी टेकवून ठेवू नका. पिशवीत घालून कोरड्या जागी टांगून ठेवा. जोडनळ्या पिळू नका, सरळ ओढून काढा. सँडपेपर लावू नका, सुताराकडे देऊ नका. सगळे तुकडे मोजा, दांडीवरची अक्षरं, टोपण आणि जोडनळ्या यांचे जवळून फोटो घ्या, आणि ती कुणी, कुठल्या नदीवर वापरली हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून आजच लिहून ठेवा. विकायची की ठेवायची हे त्यानंतर ठरवा.