विषाणू आणि माणूस – लेखांक ९ : घरी घेतलेला नमुना

मागील लेखांकात आरटी-पीसीआर चाचणीत विषाणूच्या जनुकीय अंशाच्या प्रती चक्रागणिक दुप्पट कशा होतात हे पाहिले. परंतु नमुन्यात जे उतरलेच नाही ते कोणतेही यंत्र वाढवून दाखवू शकत नाही, त्यामुळे चाचणीचे यशापयश बऱ्याच अंशी नाकातून किंवा घशातून नमुना घेण्याच्या क्षणीच ठरते. भारतात हे काम प्रशिक्षित कर्मचाऱ्याकडून सामान्य माणसाच्या हाती आले ते कोविडच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ साली, आणि त्यात पुणे व नागपूर येथील संशोधनाचा वाटा मोठा होता.

पुण्याच्या मायलॅब या कंपनीच्या ‘कोविसेल्फ’ या संचाला भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, मे २०२१ मध्ये मान्यता दिली. ही प्रतिजन चाचणी होती. प्रतिजन म्हणजे येथे विषाणूचे असे प्रथिन, की जे पट्टीवरील प्रतिपिंडांना चिकटले असता रेघ उमटते. स्वॅब, म्हणजे टोकाला तंतूंचा बोळा असलेली काडी, नाकपुडीत २ ते ४ सेंटिमीटर आत घालून दोन्ही नाकपुड्यांत पाच-पाच वेळा फिरवायची, नळीतील द्रवात पिळायची, त्याचे दोन थेंब पट्टीवर सोडायचे आणि १५ मिनिटांनी निकाल वाचायचा, अशी तिची रीत होती. २० मिनिटांनंतर दिसलेली रेघ मात्र ग्राह्य धरली जात नव्हती.

येथे एका गोष्टीकडे लक्ष देणे अत्यंत आवश्यक आहे. पट्टीवरील ‘सी’ ही नियंत्रण रेघ द्रव पट्टीवरून नीट वाहिला एवढेच सांगते. स्वॅब नाकाच्या आतील त्वचेला खरोखर घासला गेला की नाही, हे तिला कळत नाही. प्रयोगशाळेतील अनेक आरटी-पीसीआर संचांत मानवी जनुकाचाही शोध घेतला जातो आणि तो न सापडल्यास नमुनाच सदोष ठरतो. घरच्या पट्टीवर ही राखण नसते. घाईने फिरवलेला स्वॅबही त्यामुळे स्वच्छ ‘निगेटिव्ह’ दाखवू शकतो. आयसीएमआरने ही चाचणी लक्षणे असलेल्यांपुरती आणि बाधितांच्या निकटच्या संपर्कातील व्यक्तींपुरती मर्यादित ठेवली, पॉझिटिव्ह निकाल पुन्हा तपासण्याची गरज नाही असे सांगितले, आणि लक्षणे असूनही निकाल निगेटिव्ह आल्यास आरटी-पीसीआर करून घ्यावी असा स्पष्ट निर्देश दिला. हा निर्देश न वाचता केवळ पट्टी पाहणारा माणूस घरातील वृद्धांना नकळत धोक्यात लोटतो.

हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव तालुक्यात असलेल्या पुसेगावसारख्या गावात आणखी एक अडचण उभी राहते. असे संच साधारणतः २ ते ३० अंश सेल्सिअस तापमानात ठेवायचे असतात, तर मराठवाड्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या खोलीत किंवा दुचाकीच्या डिकीत राहिलेल्या पट्टीच्या निकालावर विसंबता येत नाही.

अशा ठिकाणी नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे ‘नीरी’ने, २०२१ मध्येच पुढे आणलेली गुळणी पद्धत अधिक उपयुक्त वाटते. तेथील विषाणुशास्त्रज्ञ डॉ. कृष्णा खैरनार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या या पद्धतीत रुग्णाने नळीतील सलाईनने, म्हणजे ठरावीक प्रमाणातील मिठाच्या निर्जंतुक पाण्याने, गुळणी करून ते पुन्हा नळीतच सोडायचे असते. प्रयोगशाळेत त्यात विशिष्ट द्रावण मिसळून मिश्रण तापवले की विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचे जनुकीय द्रव्य, मोकळा होतो, आणि तो वेगळा काढण्याचा महागडा टप्पा टळतो. ग्रामीण व आदिवासी भाग डोळ्यांसमोर ठेवूनच ही पद्धत मांडली गेली होती. गुळणी घराघरांत सरावाची असल्याने स्वॅब किती खोल घालावा हा प्रश्नच येथे उद्भवत नाही, आणि नाकात काडी घालू न देणारी मुलेही, त्यांना गुळणी करता येत असल्यास, नमुना देऊ शकतात.

तथापि नळी प्रयोगशाळेपर्यंत न्यावीच लागते. गुळणी करताना तुषार उडतात, म्हणून ती इतरांपासून दूर, शक्यतो अंगणात करावी. झाकण घट्ट लावून नळी बाहेरून पुसावी, तिच्यावर नाव, वय, तारीख व वेळ लिहावी आणि ती पिशवीत बंद करून त्याच दिवशी आरोग्य कर्मचाऱ्याकडे सोपवावी, कारण नाव नसलेल्या नळीचा निकाल कोणाला कळवायचा हे प्रयोगशाळेला ठरवता येत नाही.