रवानगीचा कारभार

संख्यांच्या प्रचंड राशींवर क्षणार्धात गणित करणारी भाषा म्हणून पायथनची जी ख्याती आज विद्यापीठांतून, वेधशाळांतून आणि बँकांच्या कचेऱ्यांतून पसरलेली आहे, तिच्यातला मोठा वाटा वस्तुतः पायथनचा नाहीच. तो सी, सी प्लस प्लस आणि फोर्ट्रान या जुन्या, कष्टाळू भाषांत लिहिलेल्या लायब्रऱ्यांचा आहे, आणि पायथन त्यांच्याकडून काम करवून घेते ते बाइंडिंग नावाच्या दुभाष्यामार्फत. मुंबईच्या आयआयटीत विमानविद्या शिकविणारे प्रभु रामचंद्रन यांचे ‘मायावी’ हे त्रिमितीय चित्रणाचे साधन घेतले, तरी त्याच्या पोटात व्हीटीके ही सी प्लस प्लसमधील लायब्ररीच राबत असते.

असे बाइंडिंग लिहिण्याची साधने पुष्कळ काळापासून उपलब्ध आहेत. डेव्हिड बीझ्ली यांचे ‘स्विग’ गेल्या शतकातले, तर व्हेंझेल याकोब यांचे ‘पायबाइंड११’ २०१५ चे. खरी यातायात सुरू होते ती ते लिहून झाल्यावर. निव्वळ पायथनमधला मजकूर कोणत्याही संगणकावर तसाच चालतो. बाइंडिंग मात्र कंपाइल करावे लागते, आणि तेही प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमसाठी, प्रत्येक प्रोसेसरसाठी व पायथनच्या प्रत्येक आवृत्तीसाठी वेगळे. लिनक्स, विंडोज व मॅक या तीन प्रणाली, इंटेल व आर्म हे दोन प्रोसेसर आणि चालू मुदतीतल्या पाच आवृत्त्या, एवढाच हिशेब धरला तरी एका प्रकाशनासाठी तीस फायली सिद्ध कराव्या लागतात. कित्येक वर्षे हा भार व्यक्तींच्या सौजन्यावर चालला. विंडोजवर वैज्ञानिक लायब्रऱ्या हव्या असणारे लोक कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील प्रयोगशाळेतल्या क्रिस्टोफ गोल्के यांच्या संकेतस्थळाकडे धाव घेत. हा एक गृहस्थ शेकडो पॅकेजे कंपाइल करून विनामूल्य ठेवी, आणि ‘अनधिकृत’ असा शेरा प्रामाणिकपणे वर लिही.

जुन्या व्यवस्थेचा मूळ दोष, माझ्या मते, यंत्रसामग्रीचा नसून दप्तराचा होता. २००० साली पायथनमध्ये दाखल झालेल्या ‘डिस्टयुटिल्स’ने प्रत्येक पॅकेजासोबत ‘सेटअप डॉट पाय’ नावाची फाइल देण्याचा प्रघात पाडला; पण ही फाइल म्हणजे दस्तऐवज नव्हे, तो स्वतःच एक प्रोग्राम. पॅकेजाला काय काय लागते हे जाणून घ्यावयाचे तर तो चालविला पाहिजे, आणि चालवू जावे तर पहिल्या चार ओळींतच नमपाय ही आकडेमोडीची लायब्ररी आधीपासून हजर असल्याचे गृहीत धरलेले. २०१६ च्या पेप ५१८ या मसुद्याने ही गोम ओळखली आणि बांधणीपूर्वी काय हवे ते ‘पायप्रोजेक्ट डॉट टॉमल’ या साध्या, केवळ वाचण्याजोग्या फाइलीत नोंदविण्याची तजवीज केली. त्याच्या जोडीच्या पेप ५१७ ने बांधणीचा हुकूम देणारा आणि त्याची अंमलबजावणी करणारा यांची फारकत केली, तेव्हा बांधणीच्या साधनांपैकी ज्याला मेसॉन रुचेल त्याने मेसॉन घ्यावे, ज्याला सीमेक त्याने सीमेक, अशी मुभा मिळाली. सायपाय या वैज्ञानिक लायब्ररीने १.९ या आवृत्तीपासून मेसॉनचा आश्रय केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये पायथन ३.१२ मधून डिस्टयुटिल्स कायमचे बडतर्फ झाले, तेव्हा नमपायनेही त्याच सुमारास तीच वाट धरली.

लिनक्सचे प्रकरण सर्वांत मौजेचे आहे. तेथील मूलभूत सी लायब्ररी जुन्यावर बांधलेले नव्यावर चालू देते, पण नव्यावर बांधलेले जुन्यावर चालू देत नाही. यामुळे जगभर चालणारे ताजे प्रकाशन बुद्ध्याच जुनाट यंत्रणेत बांधावे लागते. २०१६ च्या ‘मेनीलिनक्स१’ या ठरावाने सेंटओएस ५ ही २००७ सालची प्रणाली त्यासाठी मुक्रर केली. तेथे तयार झालेल्या ‘व्हील’ या बांधीव पॅकेजाच्या फाइलीत ‘ऑडिटव्हील’ नावाचे साधन लागणाऱ्या परक्या लायब्रऱ्या नाव बदलून सामावून देते, आणि ‘सीआयबिल्डव्हील’ हा सगळा खटाटोप तिन्ही प्रणालींवर ओळीने उरकते. व्हीलच्या नावावरच तिचा पल्ला लिहिलेला असतो. परंतु तो शेरा वाचणाराही तितकाच अद्ययावत असावा लागतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘क्रिप्टोग्राफी’ या लायब्ररीने आपला काही भाग रस्ट भाषेत आणला, तेव्हा ज्यांचे पिप, म्हणजे पॅकेजे बसविणारे साधन, जुने होते त्यांना नव्या व्हीलचे नाव उमगेना. पिप मुकाट्याने मूळ मजकुराकडे वळले, तेथे रस्टचा कंपायलर नव्हता, आणि कंपाइल करण्याची ज्यांना कल्पनाही नव्हती अशांच्या बांधण्या ठिकठिकाणी कोसळल्या. कर्त्यांवर जो रोष झाला तो मला अवाजवी वाटतो. खरे अपराधी वर्षानुवर्षे न बदललेले पिप होते.

तीस फायलींचा गुणाकार तोडण्याचा उपायही आहे. पायथन ३.२ पासून अंतर्गत रचनेचा एक मर्यादित भाग स्थिर राखण्याची हमी दिलेली असून, तेवढ्यावरच भिस्त ठेवणारे ‘एबीआय३’ व्हील एकदा बांधले की पुढच्या आवृत्त्यांवरही चालते. काही सोयींवर पाणी सोडावे लागते, तरी हा सौदा फायद्याचाच. एका वेळी एकच धागा चालू देणारे अंतर्गत कुलूप काढलेल्या, ३.१३ मधील पायथनप्रकाराला मात्र ही सवलत लागू नाही.

राहिला प्रश्न विश्वासाचा. पूर्वी पायपीआय या भांडारात फाइल चढविण्यासाठी लागणारा टोकन बांधणीच्या यंत्रणेत महिनोन्‌महिने पडून राही. एप्रिल २०२३ पासून ‘ट्रस्टेड पब्लिशिंग’ची योजना लागू झाली, तीत बांधणी करणारी यंत्रणा आपली ओळख पटविते आणि पंधरा मिनिटांचा परवाना मिळविते. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये फाइल कोणत्या मजकुरातून, कोणत्या यंत्रणेने बांधली याचा स्वाक्षरीयुक्त दाखलाही जोडता येऊ लागला. या दाखल्याने फाइलीचे मूळ कळते, तिची नियत नव्हे. पुढच्याच महिन्यात ‘अल्ट्रालिटिक्स’ या पॅकेजाच्या बांधणीतच हल्लेखोर शिरले आणि गुपचूप चलन खणणाऱ्या आवृत्त्या रीतसर दाखल्यासह बाहेर पडल्या. काही दिवसांनी दुसरी खेप आली, पण तिच्यावर दाखला नव्हता. ती चढली होती जुन्या व्यवस्थेतल्या, रद्द करावयाचा राहून गेलेल्या एका टोकनावर, आणि तपासणाऱ्यांना दोन्ही खेपांच्या वाटा निराळ्या असल्याचे त्या अनुपस्थित दाखल्यावरूनच उलगडले.