युरोपच्या दक्षिणेला, तेरच्या वाटेने

युरोप म्हटलं की आपल्याकडे कुणाच्याही डोळ्यांसमोर आधी स्वित्झर्लंडचा बर्फ येतो, मग पॅरिसचा आयफेल टॉवर. यात यश चोप्रांच्या सिनेमांचा हात मोठा! पण मित्रांनो, युरोपला एक दक्षिण बाजूसुद्धा आहे. इटली, ग्रीस, स्पेन, पोर्तुगाल. तिथे ऊन भरपूर, शहरं जुनी, आणि मुख्य म्हणजे त्यांचं आपल्या मुलखाशी दोन हजार वर्षांचं नातं आहे.

मी स्वतः अजून हैदराबादच्या पुढे गेलेली नाही, हे आधीच सांगून टाकते. तरी लिहायला बसले, कारण आमचे मोठे काका. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले, आणि फंडाच्या पैशातून काकूंना एकदा तरी युरोप दाखवायचा असं त्यांनी ठरवलंय. एकदाच जाणं होणार, परत काही होणे नाही. भोकरमध्ये सल्ला देणारे पुष्कळ, पण घरच्यांनी फर्मान काढलं, "तू कॉन्व्हेंटची, तूच वाचून सांग." मग काय, सगळी सुट्टी त्यातच गेली. त्यातून माझी तीन शहरं निघाली.

पहिलं रोम. कलोसियम सगळ्यांनाच माहीत असतं. पण आपण इंजिनिअरिंगवाल्यांनी आधी बघावं ते पँथिऑन. सम्राट हेड्रियनच्या काळात, साधारण इ.स. 126 च्या सुमारास हे मंदिर पूर्ण झालं. त्याच्या घुमटाचा व्यास 43.3 मीटर आहे आणि आत एकही सळई नाही! सळईविना काँक्रीटचा एवढा मोठा घुमट आजही जगात दुसरा नाही. हे जमलं कसं? खाली जड दगडाची खडी वापरली, आणि वर जाता जाता ती हलकी करत नेली. अगदी वरच्या भागात तर ज्वालामुखीचा सच्छिद्र, हलका दगड आहे. शिवाय माथ्यावर जवळपास नऊ मीटरचं गोल छिद्र मोकळं सोडलंय, म्हणजे तिथलं वजनच गेलं. पाऊस आत येतो, पण फरशीला पाणी जायला भोकं ठेवली आहेत.

आता गंमत ऐका. त्या काँक्रीटमध्ये चुन्याबरोबर ज्वालामुखीची राख असायची. ती नेपल्सजवळच्या पोत्सुओली गावाकडची प्रसिद्ध, आणि त्या गावावरूनच 'पोझोलाना' हा शब्द आला. सिव्हिलच्या मुलांना तो आयएस 1489 मध्ये भेटतो, पोर्टलँड पोझोलाना सिमेंट म्हणून. फरक एवढाच, की आपल्याकडे ज्वालामुखीच्या राखेऐवजी औष्णिक वीज केंद्राची फ्लाय अॅश वापरतात. परळीच्या चिमण्या बघताना यापुढे रोम आठवायला हरकत नाही.

दुसरं शहर नेपल्स. रोमहून वेगवान रेल्वेने तास-सव्वा तासाचं अंतर. पिझ्झा इथलाच, आणि मरिनारा नावाच्या पिझ्झ्यावर तर चीजसुद्धा नसतं, नुसता टोमॅटो, लसूण आणि तेल. म्हणजे आपल्या शाकाहारी मंडळींची सोय झाली. पण नेपल्सला जायचं ते पॉम्पेईसाठी. इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला आणि हे अख्खं शहर राखेखाली गाडलं गेलं. 1748 पासून खोदकाम सुरू आहे. रस्ते, बेकऱ्या, भिंतींवरची चित्रं, सगळं जागच्या जागी सापडलं.

त्याच पॉम्पेईत 1938 साली एका घरात हस्तिदंताची एक छोटी मूर्ती मिळाली. पाऊण फुटाच्या आसपास उंची, अंगावर दागिनेच दागिने, दोन्ही बाजूंना दासी. ही मूर्ती भारतीय! 'पॉम्पेईची लक्ष्मी' असं तिचं नाव पडलं, पण पुष्कळ अभ्यासक तिला यक्षी मानतात. आज ती नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. आणि तिच्यासारख्या हस्तिदंती मूर्ती कुठे मिळाल्या? एक धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला आणि एक जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला. (भोकरदन वेगळं आणि आमचं भोकर वेगळं, गाडी चुकवू नका!) म्हणूनच पॉम्पेईची मूर्ती आपल्या दख्खनमध्ये घडली असावी, असं काही अभ्यासक म्हणतात.

तेर म्हणजे संत गोरोबा काकांचं गाव, एवढंच आपल्याला ठाऊक असतं. पण पहिल्या शतकातल्या एका ग्रीक भाषेतल्या व्यापारी पुस्तकात, 'पेरिप्लस'मध्ये, तेरचं नाव 'तगर' म्हणून येतं. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, आणि पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. तिथून कापड आणि मलमल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून, भडोचच्या बंदराला जायचं. पुढे जहाजाने इजिप्त आणि मग रोम. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या उत्खननात समुद्रदेव पोसायडनची काशाची मूर्ती मिळाली, ती उलट दिशेने आलेली. म्हणजे ही वाट दोन्हीकडून वाहती होती.

तिसरं शहर लिस्बन, पोर्तुगालची राजधानी. टेकड्या, पिवळ्या ट्राम आणि नदीकाठचा बेलेमचा बुरूज. जवळच्याच जेरोनिमस मठात वास्को द गामाची समाधी आहे, तोच 1498 चा. जुन्या गोव्याची चर्चेस ज्यांनी पाहिली असतील त्यांना इथे ओळखीचं वाटेल. आणि पोर्तुगीज भाषेला घाबरायचं कारण नाही, थोडी आपल्याला येतेच. पाव, बटाटा, काजू, चावी, बादली, पगार हे शब्द त्यांच्याकडूनच आलेले. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे आमचा पगारसुद्धा पोर्तुगीज!"

आता थोडं व्यवहाराचं. इटली आणि पोर्तुगाल दोन्ही शेंगेन गटात असल्याने एकच व्हिसा पुरतो. जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपर्यंत करता येतो, तेव्हा शेवटच्या आठवड्याची वाट बघू नये. जुलै-ऑगस्टमध्ये तिथेही कडक ऊन आणि तुफान गर्दी असते. ऊन बघायला एवढ्या लांब कशाला जायचं, ते नांदेडला फुकट आहे! एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर बरा. रोममध्ये रस्तोरस्ती पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत, बाटली जवळ ठेवावी. खिसा मात्र सांभाळावा. आणि 'दहा दिवसांत दहा शहरं' अशा टूरमध्ये अर्धा वेळ बसमध्ये जातो. वयस्कर माणसांनी तीन शहरं तीन-तीन दिवस निवांत पाहिलेली बरी, असं माझं स्पष्ट मत आहे.

शेवटी एक मनातलं. शाळेत मी पॉम्पेईचा धडा इंग्रजीतून वाचला, व्हेसुव्हियसचं स्पेलिंगसुद्धा पाठ केलं. तेर मात्र कुठल्याच धड्यात नव्हतं. लातूरहून दीड-दोन तासांवर सातवाहन काळाच्या खुणा असलेलं गाव आहे, विटांचं प्राचीन त्रिविक्रम मंदिर आहे आणि रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गोळा केलेल्या वस्तूंचं संग्रहालय आहे. त्यासाठी ना पासपोर्ट लागतो ना व्हिसा. पॉम्पेई बघायला जग जातं, कारण तिथल्या लोकांनी ते जपलं. आपण आधी निदान बघायला तर जाऊ! येत्या सुट्टीत आपल्या वर्गाची सहल तेरला निघाली, तर या लेखाचं सार्थक झालं म्हणेन.