भारतवारीसाठी कॅमेरा: खिशात मावेल तोच बरा

मंडळी, डिसेंबरची तिकिटं काढून झाली की दरवर्षी एक प्रश्न हमखास निघतो: भारतवारीत व्हिडिओ शूटिंगसाठी कुठला कॅमेरा न्यावा? माझं उत्तर सरळ आहे, खिशात मावेल तो. सामानाचं वजन हे कारण दुय्यम. खरं कारण म्हणजे माणसं. मोठी लेन्स रोखली की आजी पदर सारखा करून पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखी बसते, आणि गोधडीबद्दल रंगात आलेलं बोलणं तिथंच थांबतं. मंडईत भाजीवाला विचारतो, "कुठल्या चॅनलचे?" हातात एवढंसं काही असलं तर दोन मिनिटांत सगळे ते विसरून जातात. (म्हणून चोरून शूटिंग करा असं मात्र नाही हं. आधी विचारायचंच, आणि देवळात तर नक्कीच.)

दिवसाउजेडी चांगला फोन पुरतो. पंचाईत होते ती अंधारात. अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅश चालत नाही, ट्रायपॉडला परवानगी लागते. अशा जागी एक इंचाच्या सेन्सरचा फायदा दिसतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या डीजेआय ऑस्मो पॉकेट ३ मध्ये तो आहे, वजन १७९ ग्रॅम, आणि अंगचाच गिंबल असल्यामुळे चालताना चित्र हलत नाही. सोनी झेडव्ही-१ (२०२०) मध्येही तेवढाच सेन्सर आहे आणि झूमही मिळतो, पण चालत शूटिंग केलं की हिसके जाणवतात. पावसाळ्यात जाणार असाल तर गोप्रो, अंधारात मात्र त्याच्याकडून फार अपेक्षा नको.

अमेरिकावाल्यांनी एक गोष्ट जरूर करावी. तिथली वीज ६० हर्ट्झची, भारतातली ५०. कॅमेरा अमेरिकन सेटिंगवर राहिला तर ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकतं किंवा पट्टे सरकताना दिसतात, आणि घरी आल्यावर ते काढणं जिकिरीचं. मेन्यूत पाल किंवा ५० हर्ट्झ निवडा, सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० ठेवा. काही कॅमेरे या बदलानंतर कार्ड फॉरमॅट करायला लावतात, तेव्हा हे निघण्यापूर्वीच उरका. लंडन-दुबईकरांना ही भानगड नाही.

पैसे उरले तर ते दुसऱ्या लेन्सवर न घालवता वायरलेस माइकवर घाला. पंखा, कुकरची शिट्टी आणि रस्त्यावरचे हॉर्न यांतून आजीचा आवाज वेगळा ऐकू यायचा तर माइक तिच्या पदराशीच हवा. वाऱ्यासाठी त्यावर केसाळ टोपी घाला.

ड्रोन मात्र घरीच ठेवा. फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी ड्रोन भारतात आणायला बंदी आहे, कस्टमवाले ठेवून घेतात. जादा बॅटऱ्या आणि पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, केबिन बॅगेतच न्या. आणि परतण्यापूर्वी सगळ्या क्लिप्सची एक प्रत तिथल्याच कुणाच्या तरी लॅपटॉपवर ठेवून या.