लॅपटॉप सारखा बंद पडतोय? आधी नेटचं भांडण मिटवा

पीकविम्याची शेवटची तारीख, लोह्यातल्या सेवा केंद्रापुढे शेतकऱ्यांची रांग आणि लॅपटॉपवर निळी स्क्रीन. गिऱ्हाईक थांबत नाही, शेजारच्या दुकानात जातं.

दरवेळी लॅपटॉपच खराब असतो असं नाही. वायफाय, डोंगल, व्हीपीएन, अँटिव्हायरस हे सगळे आपापले ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात बसवतात. ते एकमेकांत अडकले की विंडोज पुढचं नुकसान टाळायला स्वतःच बंद पडतं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरात सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर असेच बंद पडले होते.

मग करायचं काय?

१. निळ्या स्क्रीनवरच्या कोडचा मोबाईलने फोटो काढा.
२. डोंगल काढून दिवसभर एकाच नेटवर काम करा. थांबलं, तर दोष डोंगलकडे.
३. तरी पडला, तर न लागणारं व्हीपीएन आणि दुसरं अँटिव्हायरस काढा.
४. नुकताच अपडेट झाला असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमधून नेटचा ड्रायव्हर 'रोल बॅक' करा.

एका वेळी एकच बदल करा, नाहीतर चोर कोण ते कळत नाही. एवढं करूनही थांबलं नाही, तर रॅम आणि पंखा मेकॅनिकला दाखवा. आणि हे सगळं गर्दीच्या आधी उरका!